पुस्तकातली प्रार्थना, मनातली प्रार्थना

प्रिय आई-बाबा,
ख्रिस्तात सलाम.

रविवारी फोनवर बाबांचा आवाज चढला होता, मागून आई "जाऊ द्या हो" म्हणत होती, आणि माझी ड्यूटीची वेळ झाली. बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून लिहिते आहे.

नव्या पाळकसाहेबांनी उपासनेतून ठरलेल्या प्रार्थनांचं प्रार्थना पुस्तक काढलं, सगळ्यांनी मिळून म्हणायचा पापांगीकार, म्हणजे पापांची कबुली, तीही थांबवली. आता ज्याला जसं सुचेल तशी त्याने प्रार्थना करायची. पाठ प्रार्थना ओठांवरच राहते, असं ते म्हणाले. बाबा, तुम्हाला ते लागलं आणि लागणारच. पण रागाच्या भरात तुम्ही जे म्हणालात, की सुचेल ती प्रार्थना म्हणजे नुसता गोंगाट, तेही मला पटलं नाही.

पाठ प्रार्थनेविरुद्ध मत्तयाचा सहावा अध्याय दाखवतात, निरर्थक बडबड करू नका म्हणून. सातवं वचन. पण तिथून जरा खाली, नवव्या वचनात, प्रभू शिष्यांना स्वतः शब्द देतो: 'हे आमच्या स्वर्गातील पित्या.' लूकमध्ये तर शिष्यच मागणी करतात, योहानाने आपल्या शिष्यांना शिकवलं तसं आम्हालाही शिकवा. गेथशेमानेत प्रभूने पुन्हा तेच शब्द बोलून तिसऱ्यांदा प्रार्थना केली, असं मत्तयाने लिहून ठेवलंय. आणि वधस्तंभावर, श्वास घेणं मुश्कील असताना, त्याच्या तोंडी आलं ते बाविसावं स्तोत्र, 'माझ्या देवा, माझ्या देवा'. यहुदी घरात लहानपणापासून कानांवर पडलेलं. ते ओठांवरचं होतं असं कोण म्हणेल? मला यापुढे दुसरा पुरावा लागत नाही.

मग सुचेल ती प्रार्थना खोटी का? तीही नाही. 'डिडाखे' नावाची अगदी सुरुवातीच्या मंडळीची एक छोटी पुस्तिका आहे. तिच्यात प्रभूची प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणा असं सांगितलंय, प्रभुभोजनाच्या उपकारस्तुतीचे शब्दही दिलेत, आणि लगेच पुढे म्हटलंय की संदेष्ट्यांना मात्र हवी तितकी उपकारस्तुती करू द्या. दोन्ही गोष्टी एकाच पुस्तिकेत, शेजारी शेजारी. मंडळीने पहिल्यापासून हे असंच चालवलंय.

भांडण लागलं ते सक्ती आली तेव्हा. इंग्लंडमध्ये १६६२ साली कायदाच झाला, प्रत्येक चर्चमध्ये हेच प्रार्थना पुस्तक चालेल. ते न मानणाऱ्या सुमारे दोन हजार पाळकांना आपापल्या मंडळ्या सोडाव्या लागल्या. 'पिलग्रिम्स प्रोग्रेस' लिहिणारा जॉन बन्यन तर त्याआधीच तुरुंगात होता. परवानगीशिवाय उपदेश करतो म्हणून त्याला धरलं होतं, आणि चौकशीत प्रार्थना पुस्तकाबद्दलही विचारलं होतं. तो बारा वर्षं आत राहिला. त्याच वळणाचे लोक अमेरिकेत गेले, आणि त्यांच्यातलेच मिशनरी १८१३ मध्ये मुंबईला आणि १८३१ मध्ये आपल्या नगरला आले. बाबा, आईच्या माहेरी पुस्तक नव्हतं त्यामागे इतकं सोसलेलं आहे. तुमचं घराणं एसपीजीचं, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या पुस्तकवाल्या मिशनचं, आईचं अमेरिकन मिशनचं. लग्नानंतर किती वर्षं तुम्ही दोघं या एका गोष्टीवरून एकमेकांना चिडवत होतात!

आईच्या वडिलांची संध्याकाळची प्रार्थना मला अजून ऐकू येते. कंदील जरा बारीक करायचा, सगळ्यांनी घोंगडीवर बसायचं. मग आजोबा सुरू करायचे. विहिरीला पाणी कमी आहे ते सांगायचे, बाळंतीण मामीचं नाव घ्यायचे, बांधाच्या कज्ज्यात समोर उभ्या असलेल्या भावाचंही घ्यायचे आणि तिथे थोडं थांबायचे. ते थांबणं कुठल्या पुस्तकात छापता येणार? पण नीट आठवून बघा, त्यांच्या दर दुसऱ्या वाक्यात स्तोत्रसंहिता होती. त्यांना सुचायचं, कारण आत भरपूर साठलेलं होतं. नव्या पिढीला पाठ काहीच करू दिलं नाही तर तिला सुचणार तरी कशातून, हे पाळकसाहेबांना शांतपणे विचारावंसं वाटतं. 'उपासना संगीत' या आपल्या गीतांच्या पुस्तकातली ना. वा. टिळकांची पदं आपण पुस्तक न उघडता म्हणतो. ती आपल्याला पाठ आहेत म्हणून कोरडी झाली, असं कोणी म्हणत नाही.

बाबा, आता थोडं केडगावच्या मुक्ती मिशनबद्दल. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये, वाँटेजला, अँग्लिकन म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या मंडळीत झाला, म्हणजे पुस्तकाच्याच उपासनेत. त्याच रमाबाईंनी १९०५ मध्ये मुक्तीत रोज प्रार्थनेसाठी मुली बोलावल्या. आधी सत्तर आल्या, जूनपर्यंत साडेपाचशेच्या आसपास झाल्या. शेकडो जणी एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करत. त्यात बालविधवा होत्या, दुष्काळातून आणलेल्या पोरी होत्या. ज्यांना आयुष्यात कोणी "तुला काय हवंय?" असं विचारलं नव्हतं, त्या थेट देवाशी बोलत होत्या. लांबून ऐकणाऱ्याला तोही गोंगाटच वाटला असेल. म्हणून म्हणते, तो शब्द परत वापरू नका.

आणि आई, तू. तू फोनवर काही बोलली नाहीस, पण ताईने सांगितलं. भगिनी मंडळात आता पाळीपाळीने प्रार्थना करायची असते, म्हणून तू बुधवारी जायचंच सोडलंस. "मला बाई शब्द सुचत नाहीत," असं म्हणालीस म्हणे. त्या आजोबांची मुलगी असून सुचत नाही, याचं तुला जास्तच वाटत असणार.

आई, वॉर्डात रात्री कधी कधी नातेवाईक माझा हात धरतात, "सिस्टर, प्रार्थना करा." मागच्या महिन्यात एक आजी होत्या, ऑक्सिजन लावलेला, मुलगा पायाशी उभा. मॉनिटरवरचे आकडे मला दिसत होते, काय होणार ते कळत होतं. माझं म्हणून एक वाक्य जुळेना. मी तेविसावं स्तोत्र म्हटलं, 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे. मला काही उणे पडणार नाही', तू शिकवलंस तसं, एकेक ओळ सावकाश. चौथ्या वचनाला त्या आजींचे ओठ मास्कखाली हलायला लागले. त्या क्षणी मी माझ्या मनाने काही रचून बोलले असते तर ते ऐकण्यापलीकडे त्यांना काही करता आलं नसतं. शब्द दोघींचे होते म्हणून दोघींना म्हणता आले. रविवारी सगळ्यांनी मिळून पापांगीकार म्हणायचा तोही याचसाठी. ज्याला त्या दिवशी काही सुचत नाही, ज्याचा गळा दाटून आलाय, त्यालाही बाकीच्यांबरोबर चालता येतं.

बाबा, चर्चचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीत तुमचं ऐकतात. पुस्तक जसंच्या तसं परत आणा असा हट्ट धरू नका. १९७० मध्ये नागपूरला सहा मंडळ्या एक होऊन आपली उत्तर भारताची मंडळी झाली, तेव्हा आईच्या माहेरची रीतही आत आली, ती पाहुणी नाही. पण पापांगीकार, विश्वासांगीकार (आपण काय मानतो त्याची कबुली) आणि प्रभूची प्रार्थना दर रविवारी सगळ्यांनी मिळून म्हणायची, आणि मध्यस्थीच्या, म्हणजे इतरांसाठी करायच्या प्रार्थनेला दहा मिनिटं मोकळी सोडायची, एवढं मागा. पाळकसाहेब तरुण आहेत, त्यांना प्रार्थनेची खरी ओढ आहे. घरी जेवायला बोलावून बोला, मीटिंगमध्ये नको.

आई, या बुधवारी जा. तुझी पाळी आली की पवित्र शास्त्र उघड आणि एकशे एकविसावं स्तोत्र वाच. वाचून झाल्यावर ज्यांची काळजी वाटते त्यांची फक्त नावं घे, आणि आमेन म्हण. कोणी काही बोललंच तर बाबांना नको, मला सांग.

तुमची,
धाकटी