रंगपेटीवाल्या अण्णांस

तीर्थस्वरूप अण्णा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर तुमचे आभार मानायला गेलं की तुम्ही "जेवलास का?" विचारून विषय बदलता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय. इथं तुम्हाला मधेच तोडता यायचं नाही. नाव घालत नाही, तुम्हाला आवडणार नाही ते. नांदेड-परभणीकडच्या हौशी नाटकवाल्यांना 'रंगपेटीवाले अण्णा' एवढं पुरे आहे.

माझ्या तोंडाबद्दल आधी सांगून टाकतो, कारण सगळा मामला त्याचाच. डावी पापणी जन्मापासून अर्धी खाली, नाक बसकं. गावात मला 'डुलक्या' म्हणायचे. नाटकाचं वेड लागलं तेव्हा मला मिळायची ती कामं ठरलेली: सावकाराचा गडी, दरोडेखोर, यमदूत. एकदा तर राजाच्या सेनापतीचं काम मिळालं आणि मेकअपवाल्यानं पापणीला चिकटपट्टी लावून ती वर ओढून धरली. दुसऱ्या प्रवेशात घामानं पट्टी सुटली आणि गालावर लोंबायला लागली. पब्लिक हसलं. सेनापती लढाईला जायच्या आधीच हरला.

पुढच्या नाटकाला रंगभूषा करायला तुम्ही आलात. मी खुर्चीत बसल्या बसल्याच विचारलं, "पट्टी आणलीय ना?" तुम्ही माझी हनुवटी धरून तोंड दिव्याकडं फिरवलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणालात, "कामून दडवायलास रे? पापणी तुझी हाय, उसनी आणली नाहीस." मग तुमचं काम सुरू झालं. क्रेपच्या, म्हणजे नकली दाढी-मिशीच्या केसांची वेणी पाण्यात ओली करून सरळ केलेली होतीच. केस चिकटवायचा स्पिरिट गम लावून तो बोटानं चाचपत बसलात, नीट चिकट होईपर्यंत केसाला हात लावला नाही. मिशी चिकटवून कात्रीनं उजवी बाजू एक चिमूट आखूड केलीत. उजव्या डोळ्याभोवती काही म्हणजे काही लावलं नाही, तो साधाच ठेवला. मी आरशात बघितलं तर सगळ्या चेहऱ्यावर राज्य त्या पडलेल्या पापणीचंच! सावकाराचा गडीच होतो मी त्याही नाटकात, पण त्या रात्री कुणी हसलं नाही.

खरी मदत मात्र तुमच्या घरच्या ओसरीवरची. तुमचा तो जुना टीव्ही, त्याखाली व्हीसीडीचा डबा, आणि लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही. तुम्ही निळू फुल्यांचा 'सामना' चित्रपट लावलात आणि आवाज बंद केलात. मला वाटलं टीव्ही बिघडला. तुम्ही म्हणालात, "निळूभाऊंचा आवाज सगळ्या महाराष्ट्रानं चोरलाय. गॅदरिंगमधी शेंबडं पोरगं बी काढतंय. आता तोंड बघ."

अण्णा, तोवर मलाही निळू फुले म्हणजे तो घोगरा, खेचून बोललेला आवाजच वाटायचा. माझी आजी टुरिंग टॉकीजमध्ये त्यांना बघून बोटं मोडायची, "मुडदा बशिवला याचा" म्हणायची. आवाज बंद केल्यावर दिसलं की हा माणूस फार काही करतच नाही. अंगानं किरकोळ. हिंदुराव धोंडे पाटील म्हणजे साखर कारखान्याचा, पंचक्रोशीचा मालक, आणि तो दाखवायला छाती फुगवणं नाही, डोळे वटारणं नाही. समोर डॉ. लागूंचा मास्तर बोलतोय आणि हे ऐकतायत. त्यांचं ऐकणं बघायला तुम्ही मला तोच तुकडा पुन:पुन्हा दाखवलात. गावातून नाहीशा झालेल्या मारुती कांबळेचं नाव निघतं तेव्हा चेहरा हलत नाही, नजर तेवढी जागची सरकते. 'सामना' १९७५ चा. पटकथा तेंडुलकरांची, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. चित्रपट बर्लिनच्या महोत्सवात गेला होता, तिथं त्या परक्या प्रेक्षकालाही ही नजर कळलीच असणार.

त्याच दिग्दर्शकाचा, त्याच तेंडुलकरांनी लिहिलेला 'सिंहासन' आला १९७९ ला. तुम्ही तो लगेच पाठोपाठ लावायचात, दमही घेऊ द्यायचा नाहीत. तोच चेहरा, तेच डोळे, आणि आता मालकाच्या जागी पत्रकार दिगू टिपणीस. सगळे मंत्री-पुढारी आपापला डाव त्याच्यासमोर मांडतायत आणि तो साठवून घेतोय. शेवटी दिगू हसत सुटतो, वेड लागल्यासारखा. आवाज नसला की ते हसणं आहे का रडणं, कळत नाही. तुम्ही रिमोट मांडीवर ठेवून माझ्याकडं बघत होतात, टीव्हीकडं नाही. मी काही बोललो नाही, तर तुम्ही सुपारी कातरायला घेतलीत.

मग हळूहळू बाकीचं सांगत गेलात. पुण्याच्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजात हा माणूस माळीकाम करत होता. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात उभा राहिला, 'कथा अकलेच्या कांद्याची' या वगानं नाव झालं, आणि १९६८ मध्ये अनंत मान्यांच्या 'एक गाव बारा भानगडी'तून पडद्यावर आला. १९७२ ला 'सखाराम बाइंडर'. त्या नाटकावरून सेन्सॉर, कोर्ट, निदर्शनं सगळं झालं. टाकलेल्या बायकांना घरात आणून ठेवणारा, देवाला शिव्या घालणारा आणि तरी आपल्या हिशेबानं चोख असलेला सखाराम. हे तुम्ही सांगताना नेहमी एक पुस्ती जोडायचात: असला माणूस देखण्या नटानं केला असता तर लोकांनी त्याला माफ तरी केलं असतं नाहीतर झोडपलं तरी असतं. निळूभाऊंना बघून प्रेक्षकाला दोन्हीतलं काहीच सोपं गेलं नसणार.

मराठी सिनेमानं पुढं त्यांना सरपंच, पाटील, चेअरमन यातच जुंपलं. त्यातले कितीतरी चित्रपट आज बघवत नाहीत. यावर तुमचं-माझं एकमत आहे. पण निर्मात्यांना ज्या चेहऱ्यात फक्त बाईवर नजर ठेवणारा पाटील दिसला, त्याच चेहऱ्यानं रंगभूमीवर जयवंत दळवींच्या 'सूर्यास्त'मध्ये आप्पाजी उभा केला होता. जुना गांधीवादी, मुलाच्या सत्तेपुढं उभा राहणारा म्हातारा. ही गोष्ट तुम्ही राखून ठेवली होती, आणि बरोबर वेळेला बाहेर काढलीत.

ती वेळ म्हणजे आमचं राज्य नाट्य स्पर्धेचं नाटक. हैदराबाद मुक्तिसंग्रामातला म्हातारा, निजामाच्या तुरुंगात गेलेला, आता गावात कुणी ओळखत नाही असा. दिग्दर्शकाला सोज्वळ चेहरा पाहिजे होता. मला त्यानं रझाकाराचं काम दिलेलं, अर्थातच. तुम्ही तालमीला नुसते दाढीचं माप घ्यायला आला होता. चहा पिता पिता म्हणालात, "म्हाताऱ्याचं काम याला देऊन बगा की." दिग्दर्शक हसला, हा तर तोंडावरूनच रझाकार वाटतो म्हणाला. तेव्हा तुम्ही आप्पाजी काढलात. आवाज चढवला नाहीत, हट्ट धरला नाहीत. फक्त एवढंच, "निळू फुल्यानं केला तवा गांधीवाला कमी दिसला का?" आणि परत मापं घ्यायला लागलात.

काम मला मिळालं. कुसुम सभागृहात प्रयोग झाला. पहिल्या रांगेत एक खरेच स्वातंत्र्यसैनिक बसले होते, टोपीवाले. प्रयोगानंतर आत आले, माझ्या डाव्या पापणीला बोट लावून म्हणाले, "लाठी बसली होती का हो इथं?" मी 'जन्मतः आहे' सांगणार होतो, तेवढ्यात मागून तुम्ही माझ्या पाठीत कोपर मारलंत.

बक्षीस आम्हाला मिळालं नाही, पण मला रझाकारातून सुट्टी मिळाली. नंतर मास्तर, वकील, बाप, एकदा तर चक्क प्रेमात पडलेला पोस्टमन केला. आता आपल्याकडचं वारंही बदललंय म्हणा. मकरंद अनासपुऱ्यांनी मराठवाड्याची बोली घेऊन हिरोची जागा घेतली. गेवराईचे नंदू माधव 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'त दादासाहेब फाळके झाले, आणि पुढं त्यांनीच 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' बसवलं, राजकुमार तांगडे यांचं, जांबसमर्थचे. जालन्याकडची शेतावरची पोरं त्यात होती, आणि चेहरे असे की आपल्याच बांधावर उभे आहेत. ते नाटक बघून तुम्ही म्हणाला होतात की यांना आपली पेटी लागायची नाही. ते कौतुक होतं का धंद्याची काळजी, मला अजून कळलेलं नाही.

१३ जुलै २००९ ला निळूभाऊ गेले. त्या दिवशी तुमचा फोन आला, आणि त्या दिवशी तुम्ही जेवलास का विचारलं नाहीत. 'सिंहासन'ची व्हीसीडी घासून खराब झाली, दुसरी मिळते का बघ, एवढं बोलून ठेवलात. मिळाली नाही तेव्हा. आता पोरानं पेन ड्राइव्हवर उतरवून दिलाय, तुमच्या नव्या टीव्हीला चालेल.

पैशांचं काय ते एकदा बोलायला हवं. तुम्ही माझ्याकडून रंगभूषेचे पैसे कधी घेतले नाहीत, "तुला लावलंयच काय मी?" हे तुमचं ठरलेलं उत्तर. या वेळी स्पिरिट गम, पॅनकेक आणि क्रेपच्या वेण्या पुण्याहून घेऊन येतोय. परत पाठवू नका, सूनबाईंना आधीच सांगून ठेवलंय.

आणि अण्णा, आभार एकीकडं, पण 'सारांश'वरून आपलं भांडण मिटलेलं नाही. तुमचं म्हणणं, १९८४ च्या त्या हिंदी चित्रपटातला निळूभाऊंचा गजानन चित्रे हिंदुरावापेक्षा भारी, कारण वेळ कमी मिळाली आणि धाक तेवढाच बसवला. मला नाही पटत. चित्रे बोलून दाखवतो, हिंदुराव बसल्या जागी करतो. दिवाळीला आलो की दोन्ही लावू, आवाज बंद करून. काकूंना म्हणावं चिवडा जास्त करा, रात्र जाणार आहे.

तुमचा,
डुलक्या