माश्या सांभाळणाऱ्यांचीही नोंद घ्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

एखादे जनुक सापडल्याची बातमी येते तेव्हा ती बहुधा शोधनिबंध प्रसिद्ध झाला त्या दिवसापासून सुरू होते. त्याआधीची वर्षे तिच्यात नसतात. ती वर्षे मी जवळून पाहिली आहेत, म्हणून हे पत्र लिहिते आहे. जनुकशास्त्राच्या एका प्रयोगशाळेत मी २६ वर्षे साहाय्यक होते. माझे मुख्य काम एकच होते, फळमाश्या जगवणे.

जिवाणू गोठवून ठेवता येतात, हवे तेव्हा पुन्हा जागे करता येतात. फळमाश्यांच्या बाबतीत तशी सोपी सोय आमच्याकडे कधीच नव्हती. प्रत्येक स्टॉक, म्हणजे विशिष्ट जनुकीय गुण असलेला माश्यांचा वंश, जिवंतच ठेवावा लागे. २५ अंशांना अंड्यापासून माशी व्हायला साधारण दहा दिवस लागतात, १८ अंशांना जवळपास दुप्पट. म्हणून स्टॉक गार कपाटात ठेवायचे आणि दर तीन-चार आठवड्यांनी प्रत्येकाचे बिऱ्हाड नव्या नळीत हलवायचे. मक्याचे पीठ, साखर, यीस्ट आणि अगार शिजवून त्यांचे अन्न करायचे, बुरशी धरू नये म्हणून त्यात थोडे प्रोपिऑनिक आम्ल घालायचे. जुनी नळी हलकेच आपटली की माश्या तळाला पडतात. तेवढ्यात कापसाचा बोळा काढून नव्या नळीच्या तोंडाला तोंड लावायचे, उलटी करून पुन्हा आपटायची, बोळा बसवायचा, तारीख घालायची. एखादी माशी निसटली तर ती परत आत घालायची नाही. ती कुठल्या नळीतली याची खात्री नसते, आणि चुकीची एक माशी सगळा स्टॉक बिघडवते.

हे काम यांत्रिक आहे असे मला एकदाही वाटले नाही. जुन्या नळीच्या काचेवर अळ्या वर चढलेल्या दिसतात, मग त्यांचे तपकिरी कोष होतात. माशी बाहेर पडायच्या आदल्या दिवशी कोषाच्या पातळ भिंतीतून काळपट, मिटलेले पंख दिसू लागतात. तसे कोष दिसले की स्टॉक ठीक आहे म्हणायचे आणि पुढची नळी हातात घ्यायची.

एका लांबलचक सुट्टीत आमचे गार कपाट बंद पडले. खोलीचे तापमान तिशीच्या पुढे गेले होते. आम्ही परतलो तेव्हा नळ्यांत माश्या उडत होत्या. वाचले सगळे, असे म्हणून मी नव्या नळ्या भरल्या. आठवडा उलटला तरी कित्येक नळ्यांत अळीच नाही. जास्त उष्णतेत नर वांझ होतात. माशी जिवंत दिसते, वंश मात्र थांबलेला असतो. गारव्यात आणल्यावर बहुतेक स्टॉक सावरले, दोन सावरले नाहीत. त्यातला एक १९ वर्षे जपलेला होता. त्याची जोडनळी पूर्वी दुसऱ्या प्रयोगशाळेला पाठवली होती म्हणून तो टपालाने परत आला. पाकीट उघडून मी त्यातल्या माश्या मोजल्या, अकरा जिवंत होत्या. दुसरा स्टॉक कुठेच नव्हता. एका विद्यार्थिनीचे दोन वर्षांचे काम त्याच्याबरोबर गेले. ती त्या दिवशी काहीच बोलली नाही, रिकाम्या नळ्या धुऊन ठेवून गेली. मला ते आजही विसरता येत नाही.

अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ थॉमस हंट मॉर्गन यांना १९१० मध्ये लाल डोळ्यांच्या माश्यांत एक पांढऱ्या डोळ्यांचा नर सापडला आणि डोळ्यांच्या रंगाचे ते जनुक एक्स गुणसूत्राशी जोडता आले. तो पांढऱ्या डोळ्यांचा वंश आजही प्रयोगशाळांत आहे. शंभरहून अधिक वर्षे कुणी ना कुणी त्याची नळी बदलली, म्हणून तो आहे.

जिवाणू पिढ्यान्‌पिढ्या कसे बदलत जातात हे पाहण्यासाठी अमेरिकन जीवशास्त्रज्ञ रिचर्ड लेन्स्की यांनी २४ फेब्रुवारी १९८८ रोजी ई. कोलाय या आतड्यात राहणाऱ्या जिवाणूंचे बारा फ्लास्क सुरू केले. रोज प्रत्येकातला शंभरावा भाग ताज्या द्रावात घालायचा आणि दर ५०० पिढ्यांनी नमुने गोठवायचे. एका फ्लास्कमधल्या जिवाणूंना सुमारे ३१,५०० पिढ्यांनंतर प्राणवायू असतानाही द्रावातले सायट्रेट (लिंबातल्या आम्लाचा क्षार) खाता येऊ लागले, जे या जिवाणूला एरवी जमत नाही. हे अचानक घडले की तयारी आधीच होत होती? जुने गोठवलेले नमुने काढून प्रयोग पुन्हा चालवला. साधारण २०,००० व्या पिढीनंतरच्या जिवाणूंनाच ते पुन्हा जमले. म्हणजे आधी झालेल्या कुठल्यातरी बदलाने वाट मोकळी केली होती. फ्रीजर सांभाळला नसता तर हा प्रश्न विचारताच आला नसता.

आणि वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम बील. बी जमिनीत किती वर्षे जिवंत राहते हे पाहण्यासाठी त्यांनी १८७९ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये तणांच्या बियांच्या वीस बाटल्या पुरल्या, पाणी साचू नये म्हणून तोंड खाली करून. २०२१ मध्ये सोळावी बाटली उकरली, तीही रात्रीच्या अंधारात, कारण उजेड लागला तरी बी जागे होऊ शकते. १४० हून अधिक वर्षांनी त्यातले काही बी रुजले. शेवटची बाटली २१०० साली निघायची आहे. ती उकरणारी माणसे बहुधा अजून जन्मलेलीच नाहीत.

एवढ्या लांब पल्ल्याच्या कामाला पैसे मात्र तीन-चार वर्षांच्या हप्त्यांनी मिळतात. प्रकल्प संपला की सांभाळणाऱ्याची जागाही जाते. मी निवृत्त झाल्यावर माझी जागा भरली गेली नाही. नळ्या विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने बदलाव्यात असे ठरले. त्यांना मी दोष देत नाही, पण परीक्षेच्या आठवड्यात नळीतले अन्न सुकत जाते आणि माशी थांबत नाही. निधी देणाऱ्यांनी उपकरणांच्या यादीत माणसाचा पगारही धरावा आणि तो प्रकल्पाच्या मुदतीपलीकडे चालू ठेवावा, अशी माझी मागणी आहे.

आपल्याकडेही एक मागणे आहे. जीवशास्त्रातला शोध छापताना शास्त्रज्ञांना आणखी एक प्रश्न विचारा. या माश्या, हे बी, या नोंदी इतकी वर्षे कुणी सांभाळल्या? जे उत्तर मिळेल ते बातमीत छापा, शक्य असेल तर नावासकट.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा साहाय्यक