हातमोज्यांबद्दल लिहिणार नव्हतो

चि. मेधास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर माझा आवाज चढला. प्रयोगशाळेत मनगटावर कॅम्प्टोथेसिनचं, म्हणजे नरक्याच्या झाडातल्या त्या विषारी द्रव्याचं, द्रावण सांडलं, हे तू चहा सांडल्यासारखं सांगून गेलीस. मी ओरडलो, तू फोन ठेवलास. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, म्हणून लिहायला बसलोय. हातमोज्यांचा विषय काढायचा नाही, असं ठरवलंय.

नरक्याशी माझी ओळख तुझ्याआधीची. तू तिसरीत होतीस, रविवारी माझ्याबरोबर बीटवर, माझ्या राखणीच्या जंगलात, आली होतीस. ओढ्याच्या वरच्या अंगाला नरक्याची अख्खी राई तोडून नेली होती. मागे ढलप्या आणि तो कुजका वास. तू फ्रॉकने नाक झाकलंस आणि विचारलंस, "बाबा, झाड मेलं का?" मी खाली बसून तुला बुंध्याच्या कडेचे धुमारे दाखवले. नखाएवढे, हिरवे. तू ते मोजलेस. अकरा होते. आंबोलीला परतेपर्यंत तू बोलली नाहीस.

चिनी लोक त्यांच्या कॅम्प्टोथेकाला आनंदाचं झाड म्हणतात, हे तूच सांगितलंस. त्या झाडातून 1966 मध्ये वॉल आणि आपल्या नंदुरबारचे मनसुख वाणी यांनी हे द्रव्य अमेरिकेत वेगळं केलं. 1972 मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना तेच आपल्या नरक्यात सापडलं. लाकडात एक टक्काही नसतं, म्हणून झाडंच्या झाडं जातात. ते झाडाबाहेर बनवता आलं तर कुऱ्हाड थांबेल, हे तुझं म्हणणं मला पटतं. झाड हे द्रव्य कसं बनवतं, त्याचं लाइट बिलाच्या पाठीवर तू काढलेलं चित्र मी जपून ठेवलंय: इकडून ट्रिप्टोफॅनचं ट्रिप्टामिन, तिकडून सेकोलोगॅनिन, दोन्ही जुळून स्ट्रिक्टोसिडिन. तुळशीजवळची सदाफुलीही तिथूनच विनक्रिस्टिनकडे, त्या कर्करोगाच्या औषधाकडे, वळते. नरक्यात पुढच्या सगळ्या पायऱ्या अजून उलगडलेल्या नाहीत, आणि माझी मुलगी त्या शोधतेय, हे मी बाजारात भेटेल त्याला सांगतो.

पण त्याच चित्राखाली तू लिहिलंयस की हे द्रव्य डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या टोपोआयसोमरेज या विकराला जागच्या जागी खिळवतं आणि वाढणारी पेशी मरते. कर्करोगाची कुठली, आपली कुठली, ते त्याला कळत नाही. रुग्णांवरच्या सुरुवातीच्या चाचण्यांत मूत्राशयाला आणि अस्थिमज्जेला इजा झाली, चाचण्या थांबवाव्या लागल्या. टोपोटेकॅन, इरिनोटेकॅन ही त्यावरून बनवलेली कर्करोगाची औषधं नंतरची. आक्काला इरिनोटेकॅन दिलं तेव्हा तू दहावीत होतीस, तुला आम्ही वर येऊ दिलं नाही. रात्रीतून सात-आठ वेळा मी तिला हाताला धरून मोरीपर्यंत नेत होतो. त्या औषधाने तिला दोन दिवाळ्या जास्त मिळाल्या, ते मी नाकारत नाही. पण ते मूळ द्रव्य तुझ्या कातडीवर पडलं, हे ऐकून मला तिचेच हात दिसले.

म्हणून हातमोजे घाल. भोक पडलं की लगेच बदल, उरलेत तेवढ्यात भागवू नकोस. रात्री एकटी थांबू नकोस. सांडलं तर आधी धू, मग वहीत लिही, आणि तुझ्या मॅडमना सांग.

पुन्हा सुरू झालो बघ. माफ कर. तुला यातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं.

आईने आगळाची बाटली आणि कुळथाचं पीठ पाठवलंय. परवा ओढ्यावर जाऊन आलो. त्या बुंध्यांतले दोन आता माझ्या डोक्याच्या वर गेलेत. पिशवीत त्यांची पानं आहेत, वहीत दाबून ठेव.

मनगटाचा फोटो पाठव. दोन्ही बाजूंनी.

तुझा,
बाबा