स्टील गिटारचा नंबर म्हणजे जन्मसाल नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत मराठवाड्यातल्या जुन्या ऑर्केस्ट्रांच्या वाद्यांवर लेख आला, हे चांगलं झालं. गणपतीत आणि उरसात ज्या वाद्यांनी मैदानं भरवली ती आता माळ्यावर धूळ खात पडली आहेत, नाहीतर घरच्यांनी विकायला काढली आहेत. पण लेखातल्या पेडल स्टील गिटारच्या (पायांवर आडवी उभी, पेडलांनी तारांचा सूर चढवता-उतरवता येणारी गिटार) फोटोखाली ‘क्रमांक ५४१७, अर्थात १९५४ सालची’ अशी ओळ छापली आहे. क्रमांकाचे पहिले दोन आकडे उचलायचे आणि साल सांगून मोकळं व्हायचं, ही पद्धत जालन्यापासून लातूरपर्यंत विकणारेही वापरतात. ती चुकीची आहे आणि तिच्यावर पैशांचे व्यवहार होतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फोटोतलं वाद्यच ते साल नाकारतं. पेडल दाबून वाजती तार चढवायची-उतरवायची रीत अमेरिकेत सगळ्यांच्या कानावर पडली ती १९५४च्या सुमारास, बड आयझॅक्स या वादकामुळे. फोटोतल्या वाद्याला दहा तारा आणि खाली गुडघ्याने ढकलायच्या चार दांड्या आहेत; हे रूप रुळलं त्यानंतर, १९६०च्या दशकापासून पुढे. दांड्या मागाहून बसवता येतात हे खरं, पण दहा तारांची घोडी आणि दहा खुंट्यांचं डोकं कुणी सहसा मागाहून बसवत नाही.

पहिल्या आकड्यावरून साल काढायची पद्धत बहुधा आली गिब्सन या अमेरिकी गिटार कंपनीवरून. गिब्सनच्या भरीव लाकडाच्या गिटारींवर १९५३ ते १९६१ या काळात शाईने उमटवलेल्या क्रमांकाचा पहिला आकडा सालाचा शेवटचा आकडा असायचा. १९७७पासून त्यांनी आठ आकडी क्रमांक आणला. त्यात पहिला आणि पाचवा आकडा मिळून साल, तर दुसरा ते चौथा मिळून वर्षातला कितवा दिवस ते कळतं. मधल्या काळात मात्र त्याच गिब्सनने १९६०च्या दशकातले सहा आकडी क्रमांक १९७०नंतर पुन्हा वापरले, त्यामुळे तिथे नुसत्या नंबरावर दहा वर्षांची चूक सहज होते. एका कंपनीचा तक्ता तिच्याच दुसऱ्या काळाला लागत नाही, तो दुसऱ्या कंपनीच्या पेडल स्टीलला कसा लागणार?

पेडल स्टील बनवणारे बहुतेक कारखाने छोटे होते. नॅशव्हिलचं शो-बड, नॉर्थ कॅरोलायनातल्या बर्लिंग्टनचं एमन्स, ही त्यातली मोठी नावं. अशा ठिकाणी क्रमांक कधी लाकूड कापताना पडे, कधी वाद्य तयार झाल्यावर. एमन्सच्या जुन्या वाद्यांवर आकड्यांच्या शेवटी इंग्रजी डी किंवा एस असतो. तो गिटार दोन मानांची (तारांच्या दोन संचांची) की एका मानेची एवढंच सांगतो. शो-बडच्या क्रमांकांची तर धड ओळच लागत नाही. जे तक्ते आज फिरतात ते बहुतेक मालकांनी आपापल्या वाद्यांवरून जुळवलेले आहेत. म्हशीच्या कानातल्या बिल्ल्यावरून म्हैस कुठली ते कळतं, वेत कितवं ते नाही. इथेही तसंच आहे. अपवाद पॉल बिग्सबी या अमेरिकी कारागिराचा. त्याने वाद्य पुरं झाल्याची तारीखच क्रमांक म्हणून ठोकली, तीही अमेरिकी पद्धतीने आधी महिना, मग दिवस. ८-४-५२ म्हणजे ४ ऑगस्ट, ८ एप्रिल नव्हे. आपल्या भागात बिग्सबी सापडेल अशी आशा मात्र कुणी धरू नये.

मग साल काढायचं कसं? आधी वाद्य उलटं करा. तळाशी पेडलपासून वर येणारे गज, आडवे फिरणारे दांडे आणि तिथून घोडीकडे जाणाऱ्या लांब सळया दिसल्या, तरच ते पेडल स्टील. फेंडर या अमेरिकी कंपनीच्या ४०० आणि १००० या मॉडेलांत सळयांऐवजी केबल असते. यातलं काहीच नसेल तर चार पायांवर उभं असूनही ते साधं स्टील गिटारच. फेंडरचं स्ट्रिंगमास्टर असंच पायांवर उभं राहतं, त्याला दोन-तीन माना असतात आणि पेडल एकही नाही. आपल्याकडे ‘पेडल स्टील’ म्हणून खपवलं जातं त्यातलं बरंचसं या जातीचं, किंवा मांडीवरच्या हवाईन गिटारला लोखंडी पाइपचे पाय जोडलेलं असतं.

यानंतर सगळ्यात भरवशाचा पुरावा व्हॉल्यूम-टोनच्या बटणाखालच्या पॉटवर (बटणाबरोबर फिरणाऱ्या, आवाज कमी-जास्त करणाऱ्या भागावर) असतो. वरच्या पत्र्याचे स्क्रू सोडा, पत्रा अलगद उचला, तारा ताणू नका. पॉटच्या पाठीवर किंवा कडेला सहा-सात आकडे ठोकलेले किंवा छापलेले असतात. पहिले तीन बनवणाऱ्याचे: १३७ म्हणजे सीटीएस, ३०४ म्हणजे स्टॅकपोल, १३४ म्हणजे सेंट्रलॅब. शेवटचे दोन आठवड्याचे. मधे एकच आकडा उरला तर तो सालाचा शेवटचा आकडा, दोन उरले तर पुरं साल. ३०४५३१ म्हणजे स्टॅकपोल, १९५५चा एकतिसावा आठवडा. १३७६६१२ म्हणजे सीटीएस, १९६६चा बारावा. साधारण १९६०नंतर सात आकडी प्रकार रूढ झाला. शेवटचे दोन आकडे ५३च्या वर जात असतील तर तुम्ही तारखेऐवजी पार्ट नंबर वाचताय. आकडे पुसट असतील तर चिंच, लिंबू किंवा भांड्यांची पावडर लावू नका, छाप कायमची जाते. मोबाइलचा टॉर्च बाजूने तिरपा धरा आणि फोटो काढा. आकडे ठोकलेले असतील तर वर पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल हलकेच फिरवा, ते उमटतात.

पॉटची तारीख ‘याच्या आधीचं नाही’ एवढंच सांगते. पॉट पेट्यांनी येत आणि वर्ष-दोन वर्षं वापरले जात. फेंडर कंपनी १९६५च्या जानेवारीत सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीने घेतली आणि १९६६ साली पॉटचा एवढा मोठा साठा भरला, की १९६६ची छाप असलेले पॉट त्या दशकाच्या अखेरच्या गिटारींतही सापडतात. दुसरं, पॉट मूळचाच आहे का हे झाळीवरून (सोल्डरिंगवरून) बघा. जुनी झाळ मंद, राखाडी आणि सगळीकडे एकसारखी दिसते. एकाच टोकाला चकचकीत गोळा, भोवती वितळलेलं इन्सुलेशन, कापडी वेष्टनाच्या वायरीला जोडलेली प्लॅस्टिकची रंगीत वायर, यातलं काहीही दिसलं तर तो पॉट इथल्या कुणा रेडिओ मेकॅनिकने बदललेला. आपल्याकडे हे हमखास असतं, कारण धुळीने पॉट खरखरतो आणि सफाईपेक्षा बदलणं सोपं वाटतं.

एक अडचण आहे. एमन्ससारख्या पुष्कळ पेडल स्टीलमध्ये व्हॉल्यूमचा पॉट वाद्यात नसतोच, तो पायाखालच्या व्हॉल्यूम पेडलमध्ये असतो. त्या पेडलच्या पॉटवरची तारीख वाद्याला लावणं ही दुसरी नेहमीची चूक. वाजवणाऱ्याचा पाय त्यावर अखंड हलत असतो, म्हणून तो झिजून वरचेवर बदलला जातो.

पॉट नसेल तिथे पेटंट क्रमांक शोधा. तो नावाच्या पट्टीवर, टोकाच्या पत्र्यावर किंवा तळाशी असतो. अमेरिकेत वीस लाखावं पेटंट १९३५मध्ये दिलं गेलं, तीस लाखावं १९६१मध्ये आणि चाळीस लाखावं १९७६च्या डिसेंबरअखेर. म्हणजे दोनने सुरू होणारा सात आकडी क्रमांक १९३५ ते १९६१मधला, तीनने सुरू होणारा १९६१ ते १९७६मधला. पॉटसारखीच हीही खालची मर्यादा. त्या सालाआधी ती पट्टी निघालेली नसणार, नंतर कितीही उशिरा निघालेली असू शकते. पत्त्यापुढे पाच आकडी झिप कोड (अमेरिकी पिनकोड) असेल तर पट्टी १९६३च्या जुलैनंतरची.

मांडीवरच्या जुन्या रिकनबॅकर कंपनीच्या स्टील गिटारचा निकाल मोजपट्टीने लागतो. तारांवरून कमान करून जाणाऱ्या घोड्याच्या नालेच्या आकाराच्या चुंबकाची रुंदी दुसऱ्या महायुद्धाआधी दीड इंच होती, नंतर सव्वा इंच झाली. एवढ्यासाठी स्क्रूसुद्धा सोडावा लागत नाही.

तळाशी बोल्ट बघताना आट्यांकडे लक्ष द्या. अमेरिकी वाद्यात आटे इंची असतात. ८-३२ मापाचा बोल्ट आपल्या चार मिलिमीटरच्या बोल्टसारखाच दिसतो, म्हणून मेकॅनिक चारचा बोल्ट घालतो. तो दोन फेरे आत जातो आणि अडतो. पान्याने जोर दिला की आतले आटे कायमचे कापले जातात. एखादा सुटा भाग मिलिमीटरच्या बोल्टांवर बसलेला दिसला तर तो इथे बनवून लावलेला समजा आणि सालाच्या हिशेबातून वगळा. लाकडात वापराविना राहिलेली भोकं दिसली तर तिथली दांडी हलवलेली आहे. शो-बडच्या १९७०च्या दशकातल्या काही वाद्यांत जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव भाग आहेत. ते तडकतात, म्हणून बदललेले सापडतात. त्यांवरून मूळ वाद्याला नवं ठरवू नये.

या सगळ्यांतून कुणाचा हात न लागलेला, म्हणजे मूळ झाळीचा किंवा मूळ बोल्टांवरचा, सर्वांत अलीकडचा भाग निवडा. वाद्य त्या तारखेइतकं किंवा तिच्यानंतरचं; तारीख पॉटची असेल तर बहुतेकदा वर्षा-दोन वर्षांतलं. क्रमांक शेवटी ताडून बघायला घ्यावा, सुरुवातीला नाही.

सोबत जुना अमेरिकी अॅम्प्लिफायर मिळाला तर त्याच्या स्पीकरच्या चौकटीवरही अशाच पद्धतीची छाप असते: २२० म्हणजे जेन्सन, ४६५ म्हणजे ऑक्सफर्ड, पुढे साल आणि आठवडा. कागदी शंकू बदलला तरी चौकट तीच राहते, म्हणून हा पुरावा टिकतो; फक्त तो अॅम्प्लिफायरचा, गिटारचा नव्हे. तारीख वाचायच्या उत्साहात तो अॅम्प्लिफायर भिंतीच्या प्लगला मात्र लावू नका. तो ११० ते १२० व्होल्टचा, आपली लाइन २३०ची. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय आतला ट्रान्सफॉर्मर जळतो.

आपल्याला एकच विनंती. अशा वाद्याची बातमी किंवा छोटी जाहिरात घेताना पाठवणाऱ्याकडून साल मागू नका, फोटो मागा: संपूर्ण तळाचा, पॉटच्या पाठीचा, क्रमांकाच्या पट्टीचा आणि डोक्याकडच्या खुंट्यांचा. जागा कमी असेल तर तळाचा तेवढा छापा.

आपला,
एक वाद्यदुरुस्तीकार वाचक, परभणी