लाटांची वीज: यंत्र बंधाऱ्यातच हवे

संपादक महोदय,

लाटांपासून वीज हा विषय निघाला की किनाऱ्याची लांबी गुणिले मीटरमागे किलोवॅट असा हिशेब मांडतात. कोकणात तो फसवा ठरतो. खोल पाण्यातल्या लाटेची ताकद ढोबळमानाने अशी निघते: उंचीचा वर्ग, गुणिले आवर्तकाल (लागोपाठच्या दोन लाटांमधले सेकंद), भागिले दोन. एक मीटर उंच, आठ सेकंदांची लाट मीटरला ४ किलोवॅट देते; पावसाळ्यातली तीन मीटरची, नऊ सेकंदांची लाट ४०. म्हणजे खरी कमाई जून ते सप्टेंबरचीच, आणि नेमके तेव्हाच होड्या किनाऱ्याला लागलेल्या असतात. तरंगत्या यंत्राचा नांगर तुटला किंवा केबलच्या सांध्यात पाणी शिरले, तर दुरुस्ती नारळी पौर्णिमेनंतरच. तोवर निम्मा मोसम गेलेला.

पोर्तुगालच्या आगुसादौरा किनाऱ्यासमोर २००८ साली प्रत्येकी ७५० किलोवॅटची तीन तरंगती यंत्रे बसवली होती. काही महिन्यांतच बेअरिंगच्या बिघाडामुळे ती ओढून आणावी लागली.

म्हणून यंत्र लाटरोधक बंधाऱ्यातच हवे, जिथे भर पावसातही पायी पोहोचता येते. काँक्रीटची पोकळ खोली, तिचे तोंड पाण्याखाली. लाट शिरली की आतले पाणी चढते आणि हवा बाहेर रेटते. ओसरली की हवा परत आत ओढली जाते. खोलीच्या वर हवेच्या झोताने फिरणारे चाक, म्हणजे वेल्स टर्बाइन, असते; त्याची पाती सममित असतात, त्यामुळे हवा कुठूनही आली तरी चाक एकाच दिशेने फिरते. हवेचा झोत फार वाढला की मात्र पात्यांची हवेवरची पकड सुटते, वीज घटते आणि कानठळ्या बसवणारा आवाज होतो. जादा हवा सोडणारी झडप ठेवायलाच हवी. तोंडाची वरची कड ओहोटीत उघडी पडली तर हवा तिथूनच निसटते, फार खोल नेली तर लाट आत पोहोचत नाही. डहाणूकडे भरती-ओहोटीतला फरक रत्नागिरीपेक्षा बराच मोठा, तेव्हा एकच नकाशा दोन्हीकडे चालणार नाही.

केरळात विझिंजमला आयआयटी मद्रासने १९९१ मध्ये याच तत्त्वावर १५० किलोवॅटचा प्रकल्प उभारला. स्पेनमधल्या मुत्रिकूच्या बंधाऱ्यात २०११ पासून १६ टर्बाइन आहेत, क्षमता २९६ किलोवॅट. प्रत्यक्षात क्षमतेच्या ११ टक्क्यांच्या आसपासच वीज मिळाली. निव्वळ विजेवर हा खर्च निघणार नाही. पण बंदरासाठी भिंत बांधायचीच आहे, तर तिच्यात पोकळी ठेवायचा वाढीव खर्चच काय तो विजेच्या नावावर पडतो.

मात्र दगड आणि टेट्रापॉड (काँक्रीटचे चौपायी ठोकळे) रचून झाल्यावर ही खोली मागाहून कोरता येत नाही. राज्यातल्या प्रत्येक नव्या बंधाऱ्याचा आराखडा मंजूर होण्याआधी त्या जागेच्या लाटांची महिनावार नोंद जाहीर करावी आणि निदान चार खोल्यांची तरतूद नकाशातच करावी. वार्षिक सरासरीचा एकच आकडा त्यासाठी कुणी पुढे करू नये.

– एक सागरी अभियंता, रत्नागिरी