४० आणि ४१ नंबरची जर्सी

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर "आई, मी सातांत आले" एवढं म्हणालीस आणि लगेच मेसच्या जेवणावर घसरलीस. कबड्डीच्या संघात वर्षभर राखीव बाकावर बसलेली माझी पोर मुख्य रेडर झाली, पण आवाजात आनंद नव्हता. मग हळूच सांगितलंस की तुझ्या रूममेटच्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं, ऑपरेशन होऊन ती घरी गेली आणि तिची जागा तुला मिळाली. तेव्हापासून तू तिला एक फोनसुद्धा केलेला नाहीस. कोणत्या तोंडाने करू, म्हणालीस.

त्याच रात्री दादाने लॅपटॉपवर 'ब्रायन्स साँग' लावला. टीव्हीसाठीच काढलेला अमेरिकन चित्रपट, ३० नोव्हेंबर १९७१ ला एबीसी वाहिनीवर पहिल्यांदा दाखवलेला. गोष्ट खरी आहे, शिकागो बेअर्स संघातल्या गेल सेयर्स आणि ब्रायन पिकोलो यांची. त्यांचा फुटबॉल वेगळा, लांबट चेंडू काखेत धरून पळायचा. पण धरायला येणाऱ्यांना हुलकावणी देत पुढे घुसायचं, म्हणजे तुझ्या चढाईसारखंच की.

दोघे १९६५ मध्ये संघात आले, एकाच जागेसाठी. सेयर्सने पहिल्याच मोसमात २२ टचडाउन केले, म्हणजे तितक्यांदा चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपार नेला. पिकोलो कॉलेजात असताना देशात सर्वांत जास्त यार्ड धावला होता, तरी खेळाडूंच्या निवडीत त्याला एकाही संघाने घेतलं नाही. बेअर्समध्ये आला तो असाच, आणि सेयर्सच्या मागे बसून राहिला. सेयर्स काळा, पिकोलो गोरा. १९६७ मध्ये दोघांना एका खोलीत ठेवलं, तसं त्या संघात आधी कधी झालं नव्हतं. सेयर्स अबोल आणि पिकोलो बडबड्या, अगदी तुम्ही दोघी.

१० नोव्हेंबर १९६८ ला सेयर्सचा गुडघा गेला आणि पिकोलोला त्याची जागा मिळाली. पुढचा प्रसंग मी दादाकडून दोनदा लावून घेतला. पिकोलो व्यायामाचं यंत्र घेऊन सेयर्सच्या घरी, तळघरात जातो. सेयर्सला कशातच रस नाही. पिकोलो त्याला म्हणतो, मला तुला हरवायचंय, पण तू पूर्ण बरा असताना, नाहीतर त्या जिंकण्याला अर्थ नाही. सोनू, तो बरा झाला की आपण पुन्हा बाकावर, हे त्याला ठाऊक होतं. खेळला तोही मन लावून, त्या मोसमात ४५० यार्ड धावला. मिळालेली जागा त्याने लाजत लाजत घेतली नाही आणि मित्राकडे जायचंही सोडलं नाही.

१९६९ मध्ये सेयर्स परतला आणि १,०३२ यार्डांसह लीगमध्ये पहिला आला. त्याच नोव्हेंबरात एका सामन्यात पिकोलोला श्वास पुरेना, तो स्वतःहून बाहेर आला. छातीत कॅन्सरची गाठ निघाली. मे १९७० मध्ये सेयर्सला धैर्याचा पुरस्कार मिळाला, तेव्हा भर समारंभात त्याने सांगितलं की हा खरा पिकोलोचा आहे. १६ जूनला पिकोलो गेला, अवघ्या २६ व्या वर्षी, तीन लहान मुली मागे ठेवून. अशा गाठींवर पुढे ज्याने फार फरक पडला, त्या सिस्प्लॅटिन नावाच्या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली १९७८ मध्ये. नर्स आहे मी, त्या आठ वर्षांचा विचार डोक्यातून जात नाही. सेयर्सचा जर्सी नंबर ४० आणि पिकोलोचा ४१. बेअर्स आता हे दोन्ही नंबर कुणालाच देत नाहीत.

ऑर्थोच्या वॉर्डात मी बावीस वर्षं काढली. अशा ऑपरेशननंतर टाच गादीवरून घासत मागे ओढायला लावतात. आठ-नऊच्या पुढे पेशंट चादर मुठीत धरतो, ओठ चावतो आणि थांबतो. शेजारी कुणी मोठ्याने मोजत असलं की पंधरापर्यंत जातो. घरच्यांना पोरीचा कळवळा येतो, ते दहालाच "पुरे" म्हणतात.

रविवारी तुला सुट्टी आहे. सकाळच्या एसटीने तिच्याकडे जा, संघातलं सगळं तिला सांग, तुझ्या चढाया कुठे चुकतात तेही विचार. तुझ्या खेळाची नस तिच्याइतकी कुणाला माहीत आहे? आणि व्यायामाला बसली की आकडे तू मोज.

तुझी,
आई