कुत्र्यांचा फोटो आणि नेनचा फ्रीजर

प्रिय संत्या,

कसा आहेस लेका. फोन केला की तुझ्या दुकानात कायम कुणीतरी फ्रीज-एसीचा गॅस भरायला आलेला असतो, धड बोलणं होत नाही, म्हणून हे लांबलचक टाईप करतोय, गिऱ्हाईक नसेल तेव्हा निवांत वाच.

परवा तू आयटीआयच्या ग्रुपवर तो फोटो टाकलास ना, पाण्यातून कुत्रे घसरगाडी ओढतायत तो, खाली लिहिलेलं की आर्क्टिक संपलं आता मुंबईचा नंबर. त्यावर लगेच दोन पार्ट्या पडल्या, अर्धे हात जोडून रडणारे आणि अर्धे म्हणणारे की सगळं बोगस आहे, २०१६ पर्यंत आर्क्टिकचा उन्हाळ्यातला बर्फ संपणार होता ना, संपला का.

तर ऐक. फोटो खरा आहे. १३ जून २०१९ चा, वायव्य ग्रीनलंडमधल्या कानाक गावाजवळच्या खाडीतला, डॅनिश हवामान खात्याच्या स्टेफन ओल्सनने काढलेला. पण कुत्रे समुद्रात नाही चालत आहेत, पाण्याखाली सव्वा मीटरच्या आसपास जाड बर्फ आहे, वरचा थर एकदम वितळला आणि बर्फाला भेगाच नाहीत तर पाणी जाणार कुठे, आपल्याकडे डिफ्रॉस्टची नळी तुंबली की ट्रे भरतो तसं झालं. आणि मुंबईचं म्हणशील तर तरंगणारा बर्फ वितळून समुद्र वाढत नाही, ग्लासातला बर्फ विरघळला म्हणून सरबत सांडतं का. ग्रीनलंडच्या जमिनीवरचा बर्फ वितळतो त्याचं टेन्शन वेगळं, ते खरंय.

बोगसवाल्यांना पण सांग. केंब्रिजचे शास्त्रज्ञ पीटर वॅडम्स यांनी २०१२ मध्ये तसं भाकीत केलं होतं, ते साफ चुकलं. सप्टेंबरात तिथे वर्षातला सगळ्यात कमी बर्फ असतो, २०१२ च्या सप्टेंबरात तो ३४ लाख चौरस किलोमीटरवर आला होता आणि तो नीचांक अजून तुटलेला नाही, हेही कबूल. पण १९८० च्या दशकात सप्टेंबरात साधारण ७० लाख असायचा रे, हल्ली ४०-५० लाखांच्या मध्ये कुठेतरी असतो, मधल्या फरकात आठ महाराष्ट्र बसतील. कारणाचा एक भाग तर आपल्याच धंद्यातला आहे, गच्चीला पांढरा रंग मारला तर खालचा एसी कमी चालतो आणि काळा डांबरी पत्रा असला की कॉम्प्रेसर मरतो, तसंच पांढरा बर्फ ऊन परत फेकतो आणि तो गेला की खालचं काळं पाणी सगळं पिऊन टाकतं, मग अजून बर्फ वितळतो.

पण मला हे सगळं सांगायचंच नव्हतं, मला नेनचं सांगायचंय.

गेल्या महिन्यात कंपनीने मला गूज बेहून नेनला पाठवलं. इथे कॅनडात लॅब्राडोरच्या किनाऱ्यावरचं इनुइट म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचं गाव, हजारभर वस्ती, रस्ता नाही, छोटं विमान नाहीतर स्किडू, म्हणजे बर्फावर चालणारी स्कूटर. काम काय तर फ्रीजर रिपेअर. हस, हस. बाहेर उणे पंचवीस आणि मी फ्रीजर दुरुस्त करतोय. पण तो गावाचा सामायिक फ्रीजर आहे, शिकारी लोक मासे-मांस आणून टाकतात आणि ज्यांना बाहेर जाता येत नाही ते म्हातारेकोतारे तिथून फुकट नेतात. पूर्वीपेक्षा आता त्याची गरज जास्त पडते कारण समुद्रावरचा बर्फ हाच इथला हायवे, आणि तो आता उशिरा धरतो, लवकर सुटतो. २००९-१० चा हिवाळा फारच गरम गेला तेव्हा सर्व्हेत गावातल्या साधारण बारातल्या एकाने सांगितलं की आपण बर्फातून खाली पडलो होतो. बारातला एक! आपल्या वर्गात तेवीस पोरं होती, म्हणजे दोघं.

मग ह्यांनी काय केलं? स्मार्टआईस म्हणून काम सुरू केलं, सेंट जॉन्सच्या मेमोरियल युनिव्हर्सिटीतले लोक आणि गावचे लोक मिळून. बर्फात उभा एक दांडा रोवतात, त्यात वरपासून खालपर्यंत थर्मिस्टर, आपण फ्रीजमध्ये लावतो तोच सेन्सर रे! हवा, हिम, बर्फ, पाणी, प्रत्येकाचं तापमान वेगळं, त्यावरून बर्फ किती जाड ते कळतं. हे दांडे नेनमध्येच गावची पोरं सोल्डरिंग करून बनवतात. दुसरं यंत्र घसरगाडीवर बांधून स्किडूमागे ओढत नेतात, ते चालता चालता जाडी मोजतं. शिवाय सिकू नावाचं ॲप आहे, सिकू म्हणजे त्यांच्या भाषेत समुद्राचा बर्फ, त्यावर शिकारी धोक्याच्या जागा टाकतात.

मला एक काका भेटले, साठीचे असतील, रविवारी मला स्किडूवर मागे बसवून त्यांच्या केबिनकडे घेऊन निघाले. वाटेत सांगत होते की सुरुवातीलाच जास्त हिम पडलं तर वाईट, मी म्हटलं उलट थंडी वाढेल ना, तर म्हणाले नाही, ते गोधडी होऊन बसतं, खालचा बर्फ जाडच होत नाही. फ्रीजच्या भिंतीत भरतो ते पफ इन्सुलेशनच! आयटीआयत गुप्ते सरांनी दोन तास घेतले असते, ह्यांनी एका वाक्यात सांगितलं.

पुढे दोन बेटांमधली अरुंद जागा आली, तिथे खालून प्रवाह जोरात असतो, लॅब्राडोरमध्ये त्याला रॅटल म्हणतात. वरून बघायला सगळं एकसारखं पांढरं. काकांनी इंजिन बंद केलं, लांब पहार काढली, चार पावलं पुढे गेले आणि दाणकन मारली. पहिल्याच फटक्यात पहार आत आणि भोकातून राखाडी पाणी वर. शांतपणे पहार पुसली, फोनवर खूण टाकली आणि स्किडू वळवली. मी विचारलं, वाईट नाही वाटत? म्हणाले, आधी वळू, मग वाटून घेऊ.

तुझ्या ग्रुपवरच्या रडणाऱ्यांचा आणि बोगसवाल्यांचा मला तेव्हा एकदमच कंटाळा आला, खरं सांगतो.

हां, तू विचारलंस आपला काय संबंध. गोव्यात वास्कोला ध्रुवीय संशोधन केंद्र आहे ना, त्यांचं हिमाद्री स्टेशन २००८ पासून आर्क्टिकमध्ये, नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर आहे. त्या केंद्राच्या शास्त्रज्ञांनी रशियाच्या उत्तरेकडच्या कारा समुद्रातला कमी बर्फ आणि आपल्याकडचा सप्टेंबरातला अतिपाऊस यांचा संबंध असू शकतो असं मांडलंय. चिपळूणच्या २०२१ च्या पुराला मात्र हे चिकटवू नकोस, तो जुलैतला.

सोमवारी फ्रीजर चालू झाला, रिले गेला होता फक्त. गेज काढत होतो तेवढ्यात एक आजी पिशवी घेऊन आल्या, 'चार' नावाचा मासा असतो, सॅल्मनसारखा, तो न्यायला. फ्रीजरचं काहीच विचारलं नाही. विचारलं, काल रॅटलपाशी गेला होतास ना, कसा आहे बर्फ? म्हटलं, एका फटक्यात पाणी. त्यांनी जीभ टाळूला लावून च्च केलं आणि म्हणाल्या, मग आज दोन दे.

वहिनींना नमस्कार सांग, पोराच्या दहावीचं कळव.

तुझा,
बाळ्या